मुक्या सेवकाची साक्ष

धाराशिव जिल्ह्यातील सास्तूरचे नाव निघाले की मन ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेकडे जाते. गणेशविसर्जन आटोपून गाव झोपले होते. चारच्या सुमारास धरणी हादरली आणि दगडमातीच्या जाड भिंती निजलेल्या माणसांवर कोसळल्या. ढिगाऱ्याखाली कोण जिवंत आहे, हा त्या पहाटेचा एकच प्रश्न होता.

आज असा प्रश्न कुत्र्यालाही विचारता येतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला, तेव्हा आपल्या राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलातील ज्युली नावाच्या लॅब्राडोर कुत्रीने ढिगाऱ्यात अडकलेल्या सहा वर्षांच्या मुलीचा ठावठिकाणा दाखवला.

हे कौतुक नाकाचे खरे. पण नाकामागे रक्त आहे. थकलेला, तापलेला कुत्रा धापा टाकू लागतो, आणि तोंड उघडून धापा टाकणाऱ्याला नीट हुंगता येत नाही. शिवाय हा प्राणी तक्रार करीत नाही. हस्तकाचा शब्द खाली पडू नये म्हणून अंगात ताप असतानाही तो ढिगारा चढेल; वास मात्र चुकेल. त्याची तक्रार लिहिलेली असते ती रक्तात.

ती वाचायची कशी? निरोगी कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शंभरात सुमारे ३७ ते ५५ असतो. तो उतरला की दम लवकर लागतो. फार चढला की अंगातले पाणी आटल्याचा संशय घ्यावा. रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या बिंबाणूंची संख्या घन मिलिमीटरला साधारण दोन ते पाच लाख असते. गोचिडीच्या तापात ती घसरते, कधी कधी तर बाहेरून काही दिसण्याआधीच.

येथे एक फसगत संभवते. धावताना कुत्र्याची प्लीहा आकसते आणि साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. त्यामुळे कामावरून येताच घेतलेला नमुना उगाच भरभक्कम दिसतो. म्हणून नमुना विश्रांतीनंतर घ्यावा. आणि तो केवळ पुस्तकातल्या आकड्यांशी नव्हे, तर त्याच कुत्र्याच्या मागच्या अहवालांशी ताडून पाहावा.

आपल्या घरी कुत्रा असेल, तर त्याच्या हिरड्या पांढुरक्या पडल्या किंवा कानामागे गोचीड सापडून तो मलूल झाला, की पशुवैद्य गाठायला उशीर करू नये.

ढिगाऱ्याखालच्या माणसाची हाक वर पोहोचत नाही, आणि त्याला शोधणारा कुत्रा बोलत नाही. दोघांमध्ये वाचा आहे ती आपल्याला. वेळीच विचारपूस करण्याचे कामही मग आपलेच नव्हे का?