नावाचा जामीन

२०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरी मदत घेऊन पोहोचले आणि त्यातून 'नाम' फाउंडेशन उभं राहिलं. मदत घेताना या दोघांना कुणी धर्म विचारला नाही. पडद्यावरची ओळख पुरेशी होती. तीच मदत एखादी ख्रिस्ती संस्था घेऊन आली की गावात पहिली कुजबुज ठरलेली: हे बाटवायला आलेत. मग संस्था कुणातरी वजनदार माणसाचं नाव पुढे करते. न्यायमूर्ती, प्राध्यापक, पुढारी, कुणीही चालतो. फक्त गावाचा त्याच्यावर विश्वास हवा. असं नाव देणं म्हणजे जामीन राहणं. आणि जामीन राहणाऱ्याची पत कधीकधी पणाला लागते, हे महाराष्ट्राने सव्वाशे वर्षांपूर्वीच पाहिलं आहे.

पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा पुण्यात गहजब झाला. महात्मा फुले त्यांच्या बाजूने उभे राहिले. १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांनी रमाबाईंची पाठराखण केली. रमाबाई पुढे अमेरिकेत गेल्या, व्याख्यानं दिली, पुस्तक लिहिलं आणि १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष होते एडवर्ड एव्हरेट हेल, प्रसिद्ध लेखक आणि धर्मोपदेशक. पदाधिकाऱ्यांत फ्रान्सिस विलार्डसारखी गाजलेली कार्यकर्ती. या मंडळींनी विधवांच्या शाळेसाठी दहा वर्षं पैसा पुरवायचं कबूल केलं. अट मात्र एक होती: शाळेत धर्मशिक्षण द्यायचं नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत शारदा सदन सुरू झालं आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला हललं.

पैसा अमेरिकेतून आला, पण मुली कुठून येणार? विधवा मुलीला ख्रिस्ती बाईच्या हवाली करायला बाप धजावत नव्हता. इथे रानडे, भांडारकर आणि तेलंग या नामांकित सुधारकांची नावं कामाला आली. ही मंडळी सल्लागार झाली. सदनात घालायच्या मुलीच्या बापाने रमाबाईंचं नाव ऐकून मान हलवली असती, पण न्यायमूर्ती रानडे आहेत म्हटल्यावर तो विचार करायला लागायचा. सदनाची पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई. तिने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला. म्हणजे सदनाने केवढं काम केलं ते दिसतंच.

गाडं अडलं ते एका दारापाशी. रमाबाई सकाळी आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार उघडं ठेवायच्या. ज्या मुलींना यायचं त्या येऊन बसत. रमाबाईंचं म्हणणं साधं होतं: मी कुणाला बोलावत नाही आणि कुणाला हाकलतही नाही. 'केसरी'ने मात्र हेच उचलून धरलं. अटीच्या शब्दाला धरून पाहिलं तर रमाबाईंचं चुकलं नव्हतं. अटीच्या अर्थाला धरून पाहिलं तर टीकाकारांच्या म्हणण्यातही दम होता. बारा-चौदा वर्षांच्या मुलीला, जिचं घर तुटलेलं आहे, तिला आईसारख्या बाईच्या उघड्या दारातून आत जाणं हा मोकळा निर्णय असतो का? याचं उत्तर मला आजही सोपं वाटत नाही.

ऑगस्ट १८९३ मध्ये रानडे आणि भांडारकरांनी अंग काढून घेतलं. काही पालकांनी मुली परत नेल्या. रानड्यांवर कच खाल्ल्याचा आरोप करणं सोपं आहे. पण त्यांनी शब्द दिला होता तो रमाबाईंना नव्हे, मुलींच्या बापांना. तो शब्द पाळला जातोय याची खात्री त्यांना वाटेना, तेव्हा नाव मागे घेण्याशिवाय दुसरा प्रामाणिक मार्ग नव्हता. किंमत भरली ती परत गेलेल्या मुलींनी. १८९६ मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, तिथे हा संशय आड येत नव्हता. सदनाच्या बदनामीने त्या आश्रमाला जागा करून दिली असं म्हटलं तर वावगं होऊ नये.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला आणल्या, त्यांनी तिथे उभारलेलं मुक्ती सदन उघडपणे ख्रिस्ती होतं आणि १९०० च्या सुमारास तिथे दोन हजारांच्या आसपास माणसं होती. आता कुणा रानड्यांचा जामीन लागत नव्हता, कारण या मुलींना विचारायला मागे बापच उरले नव्हते.

आता आपल्या शेजारी या. धाराशिव जिल्ह्यातल्या भूमहून खर्ड्याच्या रस्त्याने निघालं की जामखेड लागतं. तालुका अहिल्यानगरचा, पण दुष्काळ, ऊसतोड आणि पाण्याची बोंब परांडा-भूमसारखीच. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती डॉक्टर दांपत्य. वडाळ्याच्या मिशन रुग्णालयात काम करताना त्यांनी पाहिलं की माणूस बरा होऊन घरी जातो आणि तेच दुखणं घेऊन परत येतो. म्हणून १९७० मध्ये जामखेडला प्रकल्प सुरू करताना त्यांनी ठरवलं, गावाने बोलावलं तरच जायचं. बोलावणारे स्थानिक पुढारी होते, म्हणजे जामीन इथेही होताच. पण दांपत्य त्यावर विसंबून राहिलं नाही. गावोगाव व्हॉलीबॉल खेळायला पोरं जमवली, त्यातून शेतकरी मंडळं झाली. हातपंप बसवायची वेळ आली तेव्हा जागा दलित वस्तीत निघेल अशी व्यवस्था केली. बाकी गावाला पाण्यासाठी तिकडे जावं लागलं. हा चावटपणा मला फार आवडतो.

परिचारिका खेड्यात राहायला तयार नव्हत्या. मग गावानेच निवडलेल्या बायकांना शिकवलं. कित्येकींना अक्षरओळख नव्हती, बऱ्याच दलित होत्या. जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखर-पाणी कसं पाजायचं, गरोदर बाईचं काय पाहायचं, हे त्या शिकल्या. संस्थेच्या नोंदीप्रमाणे १९७१ मध्ये हजारी १७६ असलेला बालमृत्युदर नव्वदच्या दशकात तिशीच्या खाली आला.

मोठी नावं नंतर आली. जिनिव्हातल्या चर्चसंस्थांच्या ख्रिस्ती वैद्यकीय आयोगाने जामखेडची माहिती जागतिक आरोग्य संघटनेपर्यंत नेली. तिचे महासंचालक हाफडान माहलर, स्वतः बाप्टिस्ट धर्मोपदेशकाचे चिरंजीव, असल्या प्रयोगांच्या शोधात होतेच. १९७५ मध्ये संघटनेच्या पुस्तकात जामखेड आलं, १९७८ मध्ये अल्मा-आता इथे प्राथमिक आरोग्याचा जाहीरनामा झाला. १९७९ मध्ये दांपत्याला मॅगसेसे, १९९० मध्ये रजनीकांतांना पद्मभूषण. आणि १९८८ मध्ये वॉशिंग्टनच्या एका परिषदेत गावची आरोग्य सेविका मुक्ताबाई पोळ व्यासपीठावर होती. क्रम इथे शारदा सदनाच्या उलटा लागला. रानड्यांनी नाव मागे घेतल्यावर सदन हादरलं. मॅगसेसे मिळाला नसता तरी मुक्ताबाईचं काम अडलं नसतं.

धाराशिव २०१८ पासून केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे. अशा जिल्ह्यांत कंपन्यांचे निधी येतात, ट्रस्ट येतात आणि फीत कापायला ओळखीचा चेहरा लागतो. अणदूरला, तुळजापूर तालुक्यात, हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. ती संस्था ख्रिस्ती नाही, वाट मात्र तीच. २००५ पासून सरकारची आशा स्वयंसेविकाही त्याच वाटेवर आली. ती दारात आली की तिच्यामागे कोणतं नाव उभं आहे हे कुणी विचारत नाही, ती अमक्याची सून म्हणून आधीच ओळखीची असते. तिचा मोबदला तेवढा महिनोन् महिने अडकून राहतो, आणि त्यासाठी तिला मोर्चा काढून मुंबई गाठावी लागते.