अहिपूतना आणि दिवसाची धात्री

गेल्या पावसाळ्यात नऊ महिन्यांची एक बालिका आमच्या चिकित्सालयात तिसऱ्यांदा आली. नितंबप्रदेशी तीच आरक्तता, तीच कंडू. आधी दोन्ही वेळा आम्ही त्रिफळा क्वाथाने प्रक्षालन आणि लेपनार्थ घृत सांगितले होते. गुण येई आणि आठवड्याभरात व्याधी परते. दिवसाचे नऊ तास बाळ कोणाजवळ असते, हे मात्र आम्ही विचारलेच नव्हते. ही चूक आमची होय.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात, क्षुद्ररोगांमध्ये, अहिपूतनेचा हेतू स्पष्ट सांगितला आहे : मलमूत्राने लिप्त गुदप्रदेश न धुणे आणि घामेजलेल्या बालकास स्नान न घालणे. चिकित्सेत ते प्रथम धात्रीच्या स्तन्यशोधनाकडे वळतात. आज नोकरदार मातापित्यांच्या बालकाची दिवसाची धात्री म्हणजे घरी पाळणाघर चालविणाऱ्या मावशी.

आम्ही त्या मावशींना भेटलो. दोन खोल्या, सहा बालके आणि सर्वांना पुसण्यास एकच ओले फडके. माया उदंड होती. रीत कोणी सांगितली नव्हती. बोल न लावता आम्ही पुढील क्रम ठरवून दिला.

लंगोट वा डायपर दर दोन-तीन तासांनी पाहावा. शी झाल्यास तत्काळ बदलावा. प्रथम साबणाने हात धुऊन सर्व साहित्य जवळ घ्यावे. पलंगाऐवजी जमिनीवर रबरी कापड अंथरावे. स्वयंपाकाची जागा दूर असावी. बाळास क्षणभरही एकटे सोडू नये. कोमट पाणी आणि प्रत्येक बाळाचे स्वतंत्र मऊ कापड वापरावे. मुलींना पुढून मागे पुसावे. त्वचा टिपून कोरडी करावी, घासू नये. शेवटी रबरी कापड पुसून आपले व बाळाचे हात धुवावेत. डायपर गुंडाळून वेगळ्या कचऱ्यात द्यावा. मलमूत्राने दूषित वस्त्रे उत्तम धुऊन, धूपन करून, पूर्ण सुकवूनच वापरावीत, हे चरकाचार्यांचे शारीरस्थानातील वचन पावसाळ्यात विशेष स्मरावे.

बाळाचा मानही राखावा. नावाने हाक मारून, ‘आता लंगोट बदलू या हं’ असे सांगून मगच हात लावावा. ‘शी, घाण’ म्हणून नाक मुरडू नये. येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर बाळास उघडे ठेवू नये. बोलता न येणाऱ्या बाळालाही स्पर्शातील तिरस्कार कळतो.

औषधालयाच्या मालकमित्रांना एक विनंती. टाल्कची भुकटी श्वासमार्गात जाते; बोरिकयुक्त भुकटी सोललेल्या त्वचेतून शोषली जाऊन विषबाधा करू शकते. स्टिरॉइडमिश्रित मलम चिकित्सकाच्या सल्ल्यावाचून देऊ नये. तीन दिवसांत उतार नसल्यास, वळ्यांत लालभडक चट्टे व भोवती पुटकुळ्या दिसल्यास, पू वा ज्वर असल्यास बाळास वैद्यांकडे धाडावे.

दिवाळीनंतर ती बालिका सुवर्णप्राशनासाठी आली, तेव्हा त्वचा निर्मळ होती. औषध आम्ही बदलले नव्हते. तेव्हापासून प्रत्येक बालरुग्णाच्या केसपेपरवर आम्ही एक ओळ वाढविली आहे : दिवसा बाळास कोण सांभाळते? वैद्यमित्रांनीही ती वाढवावी.