संत्र्याच्या ओळीत मावणारा ट्रॅक्टर: सात गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूर–इटारसी लोहमार्गावर पांढुर्णा सोडून मुलताईकडे निघालं की तिगाव लागतं आणि तिथून सातपुड्याचा घाट सुरू होतो. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळ्या झालेल्या, मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्याचा हा भाग संत्र्याचा. घराला लागून दोन-पाच एकर, त्यात संत्र्याची बाग, उरलेल्या तुकड्यात कपाशी आणि तूर, कुठे काळी कन्हार जमीन तर कुठे मुरमाड बरड, असं इथल्या अनेक कुटुंबांचं शेत असतं. गोठ्यातली बैलजोडी गेली, डवऱ्याला आणि फवारणीला माणूस वेळेवर मिळत नाही, तेव्हा घरात मिनी ट्रॅक्टरचा विषय निघतो.

बाजारात अकरा एचपीच्या स्वराज कोडपासून अठ्ठावीस-तीस एचपीपर्यंत पर्याय आहेत. पैसे मात्र बहुतेकांना कर्जाने उभे करावे लागतात आणि हप्ते कित्येक वर्षं चालतात. म्हणून हा निर्णय ऐकीव माहितीवर होऊ नये. माझं सांगणं थोडक्यात असं: आधी काम ठरवा, मग त्या कामाचं अवजार, आणि ट्रॅक्टर सर्वांत शेवटी. बहुतेक चुका हा क्रम उलटा झाल्यामुळे होतात.

गैरसमज १: जितके एचपी जास्त, तितका ट्रॅक्टर चांगला

वस्तुस्थिती: बागेत पहिला प्रश्न ताकदीचा नसून रुंदीचा असतो.

या भागात संत्रा पूर्वापार सहा बाय सहा मीटरवर लावतात, म्हणजे एकरी सुमारे १११ झाडं. झाडाचा घेर साडेचार मीटर झाला की दोन ओळींच्या मधे दीड मीटर मोकळी जागा उरते. मोठा ट्रॅक्टर साधारण पावणेदोन ते दोन मीटर रुंद असतो. तो या पट्टीतून गेला की दोन्ही बाजूंच्या फांद्या घासतात, साल खरचटते, फळं गळतात. मिनी ट्रॅक्टर एक ते सव्वा मीटरचा असल्यामुळे तिथून सुटसुटीत जातो.

माप केव्हा घ्यायचं हेही महत्त्वाचं आहे. छाटणीनंतर बाग मोकळी दिसते; आंबिया बहाराची फळं भरून फांद्या वाकल्या की तीच पट्टी अरुंद होते. टेप घेऊन तेव्हा मोजा. चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्या चाकाच्या बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी बघा आणि अवजाराची रुंदी वेगळी बघा. उंचीही तपासा. उभा सायलेन्सर फांद्यांत अडकतो, खाली वळवलेला अडकत नाही. बाग सहा बाय तीन मीटरवर असेल तर एकाच दिशेने जाता येतं. मग ओळीच्या टोकाला वळायला किती जागा लागते, तेही पाहून घ्या.

एचपीच्या आकड्यातही एक मेख आहे. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा इंजिनचा असतो. रोटाव्हेटर, स्लॅशर, ब्लोअर ही अवजारं मात्र पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या फिरत्या दांड्यावर चालतात आणि तिथे पोहोचणारी ताकद इंजिनपेक्षा कमी असते. ही घट प्रत्येक मॉडेलमध्ये सारखी नसते. म्हणून दोन ट्रॅक्टरांची तुलना करताना पीटीओ एचपी विचारा.

गैरसमज २: ट्रॅक्टर आधी घेऊ, अवजारं सावकाश बघू

वस्तुस्थिती: कोणता ट्रॅक्टर हवा हे अवजारावरून ठरतं.

फवारणीच्या ब्लोअरचं उदाहरण घेऊ. चारशे लिटरची टाकी भरली की पाण्याचंच वजन चारशे किलो. पंप, पंखा आणि सांगाडा धरून आणखी दोनशे किलो समजा. म्हणजे सहाशे किलोचा बोजा ट्रॅक्टरच्या मागे लटकणार. महिंद्रा जिवो २४५ सारख्या २४ एचपीच्या मॉडेलची उचल कंपनी ७५० किलो सांगते. वरवर पाहता काम भागलं असं वाटतं. पण उचलीचा मोठा आकडा बहुधा खालच्या लिंकच्या टोकाला मोजलेला असतो आणि टाकीचं वजन त्या टोकाच्या बरंच मागे असतं. सरकारी चाचणीत लिंकच्या ६१० मिलिमीटर मागेही उचल मोजतात आणि तो आकडा कमी येतो. तुमच्या कामाचा आकडा तोच.

मागे इतकं वजन आलं की पुढची चाकं हलकी होतात आणि चढावर स्टिअरिंगला दाद देत नाहीत. पुढे लावायची वजनं किमतीत धरली आहेत का, हे आधी विचारून घ्या. उचल अपुरी वाटली तर चाकांवर ओढायचा ब्लोअर मिळतो. त्याला वळायला मात्र जास्त जागा लागते.

जोडणीही तपासावी लागते. मिनी ट्रॅक्टरची थ्री-पॉइंट जोडणी लहान मापाची असते. शेजाऱ्याकडचा मोठ्या ट्रॅक्टरचा पंजी किंवा रोटाव्हेटर तिला लागेलच असं नाही, आणि जुळवून लावला तरी तो ओढवेल असंही नाही.

गैरसमज ३: रोटाव्हेटर घेतला की बागेचं सगळं काम होतं

वस्तुस्थिती: संत्र्याच्या बागेत सगळ्यात जपून वापरायचं अवजार तेच आहे.

संत्र्याची अन्नपाणी शोषणारी तंतुमुळं मुख्यतः वरच्या तीस सेंटिमीटर मातीत असतात. पानांच्या घेराखाली रोटाव्हेटर खोल गेला की ती तुटतात. तुटलेल्या मुळांच्या जखमांतून फायटोफ्थोरा बुरशीला वाट मिळते. मूळकूज आणि डिंक्या ही याच बुरशीची दुखणी, आणि त्यांनी उभ्या बागा वाळवल्या आहेत. शिवाय रोटाव्हेटर वर्षानुवर्षं एकाच खोलीवर फिरला तर खाली घट्ट थर तयार होतो. कन्हार जमिनीत पावसाळ्यात त्या थरावर पाणी साचतं, आणि साचलेल्या पाण्यात ही बुरशी फोफावते.

रोटाव्हेटरवर बंदी घाला असं मी म्हणत नाही. कपाशी-तुरीच्या तुकड्यात तो उपयोगी आहे. बागेत तो ओळींच्या मधल्या पट्टीपुरता आणि सात-आठ सेंटिमीटरपेक्षा खोल न घालता चालवावा. घेराखाली त्याला नेऊच नये.

तणासाठी स्लॅशर किंवा मल्चर जास्त योग्य. तो तण जमिनीलगत कापतो आणि तिथेच पसरतो. कापलेल्या तणाचं आच्छादन होतं, ओल टिकते, उतारावरची माती पावसात वाहून जात नाही आणि मुळांना धक्का लागत नाही. तिगावच्या चढउताराच्या जमिनीत हा फायदा मोठा आहे. पैसे एकाच अवजारापुरते असतील आणि काम मुख्यतः बागेचं असेल, तर मी स्लॅशर आधी घेईन.

गैरसमज ४: लहान ट्रॅक्टरला धोका लहान, आणि फोर व्हील ड्राइव्ह असला तर उलटण्याची भीतीच नाही

वस्तुस्थिती: ट्रॅक्टर अरुंद असतो म्हणून तर ओळीत मावतो, आणि अरुंद असतो म्हणूनच कडेला लवकर कलंडतो.

चारही चाकांना ताकद मिळाली की पकड वाढते. ओल्या कन्हारीत आणि मुरमाच्या चढावर ती हवीच. पण पकड आणि तोल या वेगळ्या गोष्टी आहेत. उतारावर आडवं चालवताना वरच्या बाजूचं चाक धुऱ्यावर चढलं, किंवा अर्धी भरलेली टाकी हिंदकळली, की फोर व्हील ड्राइव्ह काही वाचवत नाही. शक्यतो उताराच्या दिशेने वर-खाली चालवा. मागचं अवजार जमिनीलगत ठेवा. बुंधा उपटायचा असेल तर साखळी फक्त खालच्या ड्रॉबारला बांधा. ती वरच्या लिंकला किंवा ॲक्सलला बांधली तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर चालवणाऱ्याच्या अंगावर मागे उलटू शकतो.

चालकाच्या मागची संरक्षक कमान बागेसाठी दुमडता येणारी मिळते. कमान उभी असेल तेव्हा सीट बेल्ट लावा, तरच तिचा उपयोग. रस्त्यावर येताना दोन्ही ब्रेकची पेडल एकत्र अडकवा. एकाच चाकाला ब्रेक लागला तर भरलेली ट्रॉली ट्रॅक्टरला आडवं करते. कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर व्हील ड्राइव्ह बंद ठेवा, नाहीतर पुढचे टायर लवकर झिजतात.

पीटीओचं भान सगळ्यात आधी हवं. हा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे एका सेकंदात नऊ. दुपट्ट्याचं किंवा पदराचं टोक त्यात सापडलं तर हात मागे घ्यायलाही वेळ मिळत नाही. प्लास्टिकचं आवरण तुटलं असेल तर नवं बसवल्याशिवाय अवजार जोडू नका, आणि दांडा फिरत असताना पोराबाळांना जवळ येऊ देऊ नका.

गैरसमज ५: भाडं म्हणजे पैसा पाण्यात, घरचा ट्रॅक्टर स्वस्तच पडतो

वस्तुस्थिती: स्वस्त की महाग, हे वर्षाला किती तास चालतो त्यावर ठरतं.

कागदावर हिशोब मांडू. पाच एकर बागेत वर्षातून चार वेळा, दोन्ही दिशांनी तण कापायचं तर साधारण २४ तास. आठ फवारण्या, प्रत्येकी तीन तास, असे आणखी २४. ट्रॉलीने खत, माती, क्रेट वाहायला तीसेक तास. बेरीज सुमारे ८०.

आता ट्रॅक्टर आणि अवजारं मिळून साडेपाच लाख, दहा वर्षांनी विक्रीतून एक लाख, असं धरा. वर्षाची घट ४५,००० रुपये. गुंतलेल्या पैशाचं सरासरी व्याज नऊ टक्क्यांनी सुमारे २९,०००. म्हणजे वर्षाचे ७४,००० रुपये, डिझेल आणि दुरुस्तीच्या आधीच. ८० तासांत हा खर्च तासाला ९२५ रुपये पडतो. तोच ट्रॅक्टर ४०० तास चालला तर १८५. तुमच्या भागातला भाड्याचा दर या आकड्याशेजारी ठेवा, उत्तर लगेच दिसेल.

दुसरी बाजूही खरी आहे. रोग-कीड वाढली आणि भाड्याचा ब्लोअर चार दिवस उशिरा आला, तर त्या नुकसानीपुढे भाड्यातली बचत काहीच नाही. म्हणून वेळेशी बांधलेल्या कामाचं, म्हणजे फवारणीचं, यंत्र घरचं किंवा दोन-तीन शेजाऱ्यांच्या भागीदारीत असावं. क्वचित लागणारं भाड्याने आणावं. खड्डे खोदायचा ऑगर हे त्याचं ठळक उदाहरण, कारण बाग काही दरवर्षी लावत नाही. ऑगरने चिकण मातीत खोदलेल्या खड्ड्याच्या भिंती गुळगुळीत आणि घट्ट होतात. रोप लावण्याआधी त्या कुदळीने खरवडून घ्या, नाहीतर मुळं खड्ड्यातच घुटमळतात. मध्य प्रदेशात यंत्रं भाड्याने देणारी कस्टम हायरिंग सेंटर आहेत. जवळचं कुठे आहे आणि त्याच्याकडे बागेत मावणारी यंत्रं आहेत का, ते खरेदीआधी पाहून या.

गैरसमज ६: महाडीबीटीवर अर्ज केला की अनुदान मिळतं, ट्रॅक्टर आधी घेतला तरी चालतं

वस्तुस्थिती: तिगावात मराठी वर्तमानपत्रं येतात, सोयरीक काटोल-वरुडशी असते, त्यामुळे महाराष्ट्राच्या योजनांची माहिती इथे आधी पोहोचते. पण महाडीबीटी महाराष्ट्रातल्या शेतकऱ्यांसाठी आहे. पांढुर्णा आणि सौंसरच्या शेतकऱ्याने मध्य प्रदेशच्या ई-कृषि यंत्र अनुदान पोर्टलवर अर्ज करायचा असतो, आणि कागद म्हणून सातबारा नाही तर खसरा व बी-१ लागतो.

क्रमही पाळावा लागतो: अर्ज, निवड, मंजुरी आणि त्यानंतर खरेदी. आधी बिल फाडून मागून अनुदान मागता येत नाही. केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अनुदान साधारण ४० ते ५० टक्के असलं तरी त्याला रकमेची कमाल मर्यादा असते. शोरूमच्या पूर्ण किमतीच्या निम्मे पैसे परत येतील असं समजू नका. अनुदान गृहीत न धरता हप्ते झेपतात का, हा हिशोब आधी करा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. हातातलं कोटेशन जुनं असेल तर नवं मागा.

गैरसमज ७: पत्रक वाचलं, शोरूमच्या आवारात चालवून पाहिलं, तेवढं पुरे

वस्तुस्थिती: यापेक्षा भरवशाची माहिती याच राज्यात आहे. तिगाववरून जाणारा लोहमार्ग इटारसी ओलांडून पुढे नर्मदाकाठच्या बुधनीला जातो. तिथे १९५५ पासून केंद्र सरकारची ट्रॅक्टर प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिच्या चाचणी अहवालात पीटीओची प्रत्यक्ष ताकद, इंधनाचा खप, उचल, ब्रेक आणि वळण्याची त्रिज्या मोजून दिलेली असते. विक्रेत्याकडे तुमच्या मॉडेलचा अहवाल मागा.

मग प्रात्यक्षिक आपल्या बागेत घ्या, भरलेल्या टाकीसह आणि सगळ्यात अवघड चढावर. घरात ज्या ज्या व्यक्ती तो चालवणार आहेत, त्या सगळ्यांनी चालवून पाहावा. बाईमाणसाचा पाय क्लचपर्यंत नीट पोहोचतो का, हेही बघा. पांढुर्णा किंवा सौंसरला मेकॅनिक आणि सुटे भाग मिळतात का, की प्रत्येक वेळी नागपूर गाठावं लागणार, हे त्या मॉडेलच्या दोन जुन्या मालकांना विचारा.

शोरूमला जाताना एक कागद सोबत न्या. त्यावर पाच गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: भर हंगामात मोजलेली ओळीची रुंदी, वर्षभरातली कामं आणि त्यांचे तास, प्रत्येक कामाचं अवजार, सगळ्यात जड अवजाराचं भरलेलं वजन, आणि अनुदानाशिवाय झेपणारा हप्ता. या पाचांत बसणारा ट्रॅक्टर घ्या, मग तो शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरपेक्षा लहान का असेना. एकही बसत नसेल तर यंदा भाड्याने काम भागवा आणि तो पैसा बागेला द्या.