प्लगरचा एक पॉइंट

पी.एल. चालू होती, म्हणजे अभ्यास सोडून सगळं चालू होतं. रात्री दीड वाजता रूमपार्टनरने एक जुनी क्लिप लावली. बिनबाह्यांची लाल-पांढरी जर्सी घातलेला एक आडदांड गडी, हातात अंडाकृती चेंडू. त्याने लांबून किक मारली आणि चेंडू मधल्या दोन खांबांच्या बाहेरून गेला. चक्क हुकला! आणि अख्खं स्टेडियम वेडं झालं.

"अरे, हुकला ना तो?"

"हुकला. पण जिंकला."

यापुढे पार्टनरलाही काही सांगता येईना. मग उरलेली पी.एल. मी कशात घालवली हे सुज्ञांस सांगणे न लगे.

तर मित्रांनो, हा खेळ ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल. तिकडे लाडाने 'फूटी' म्हणतात. आपण ज्या मेलबर्न आणि सिडनीच्या मैदानांवर पहाटे उठून क्रिकेट बघतो, त्याच मैदानांवर हिवाळ्यात फूटी चालतो. तो निघालाच क्रिकेटवाल्यांच्या डोक्यातून. हिवाळ्यात अंग सुटू नये म्हणून. पहिले नियम १८५९ मध्ये मेलबर्नमध्ये लिहिले गेले. एका बाजूला १८ खेळाडू, सामन्याचे चार भाग, ऑफसाइड नाही. चेंडू फेकायचा नाही. किक मारायची किंवा मुठीने ठोसायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन उंच खांबांमधून किक गेली तर गोल, ६ पॉइंट. बाजूच्या बुटक्या खांबांमधून गेली तर 'बिहाइंड', १ पॉइंट. म्हणजे थोडक्यात हुकलं तरी पदरात एक पडतोच. हे उत्तेजनार्थ बक्षीस आपल्या युनिव्हर्सिटीने का घेतलं नाही कोण जाणे.

आणखी एक नियम. किमान १५ मीटर आलेली किक हवेत झेलली की त्याला 'मार्क' म्हणतात (नाव बघा!). मार्क घेणाऱ्याला कुणीही अडवायचं नाही, त्याला निवांत किक मिळते. मधेच सामना संपल्याचा भोंगा वाजला तरी ती किक त्याची असते.

क्लिपमधला गडी म्हणजे टोनी लॉकेट, टोपणनाव प्लगर. जन्म १९६६, गाव बॅलरॅट. उंची १९१ सेंमी, वजन शंभर किलोच्या वर. जागा फुल फॉरवर्ड, म्हणजे समोरच्या गोलपाशी ठाण मांडून बसणारा. सगळी टीम घाम गाळून चेंडू पुढे पाठवणार. त्याने बचाववाल्याला मागे रेटून झेल घ्यायचा आणि खांबांमधून मारायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण चेंडू अंड्यासारखा, वाकडा पडला की कुठेही जातो. म्हणून 'ड्रॉप पंट' मारतात. चेंडू उभा सोडायचा आणि खालच्या टोकाला असा मारायचा की तो उलटा गरगरत जाईल. फिरण्यामुळे त्याचा अक्ष हलत नाही, चेंडू सरळ जातो. मेकॅनिक्सच्या लेक्चरला झोपलेल्यांना ॲंग्युलर मोमेंटम कळायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्लगर १७ व्या वर्षी, १९८३ मध्ये सेंट किल्डाकडून उतरला. टीम कशी? १९८३ ते ८६ सलग चार वर्षं तळाला! तरी १९८७ मध्ये त्याने ११७ गोल मारले आणि ब्राउनलो मेडल मिळवलं (जॉन प्लॅटनबरोबर विभागून). हे मेडल अंपायरांच्या मतांवर मिळतं आणि ते बहुधा मधल्या फळीतली पळणारी मंडळी नेतात. १९९१ मध्ये तर सुरुवातीचे सामने दुखापतीत जाऊनही १७ सामन्यांत १२७ गोल.

पण गडी संत नव्हता, तेही सांगायला हवं. १९९४ मध्ये सिडनीविरुद्ध खेळताना त्याने पीटर केव्हनच्या तोंडावर कोपर हाणलं. नाक मोडलं, लॉकेटला ८ सामन्यांची बंदी. त्याच सामन्यात त्याचे ११ गोल आणि सेंट किल्डा एका पॉइंटने विजयी! आणि पुढच्याच वर्षी लॉकेट गेला कुठे, तर सिडनी स्वान्समध्ये. केव्हनच्याच ड्रेसिंग रूममध्ये. तिथला पहिला दिवस बघायला मला आवडलं असतं.

हा क्लब मूळ मेलबर्नचा, १९८२ मध्ये सिडनीला हलवलेला. सिडनी पडलं रग्बीचं शहर, त्यात टीम १९९२ ते ९४ तळाला. प्लगर आला आणि दोन वर्षांत टीम गुणतक्त्यात पहिली. आता ती क्लिप. २१ सप्टेंबर १९९६, सिडनी क्रिकेट ग्राउंड, उपांत्य सामना एसेंडनशी. दोघांचे ६९. प्लगरची जांघ दुखावलेली, खेळेल की नाही हीच शंका होती. शेवटच्या काही सेकंदांत त्याने मार्क घेतला. भोंगा वाजला. जवळपास ५० मीटरवरून किक. गोल झाला नाही, बिहाइंड झाला. ७०-६९! तो एक पॉइंट नसता तर जादा वेळ खेळावा लागला असता. क्लब १९४५ नंतर पहिल्यांदा ग्रँड फायनलला गेला. तिथे प्लगरने ६ गोल मारले, पण नॉर्थ मेलबर्न ४३ पॉइंटनी जिंकलं.

६ जून १९९९ ला त्याने गॉर्डन कॉव्हेंट्रीचा १२९९ गोलांचा, ६२ वर्षं टिकलेला विक्रम मोडला; तोही कॉव्हेंट्रीच्याच कॉलिंगवुड क्लबविरुद्ध. लोक मैदानात घुसले, खेळ थांबला. त्याच वर्षी तो निवृत्त झाला. २००२ मध्ये परत येऊन ३ सामन्यांत ३ गोल मारले आणि एकूण २८१ सामन्यांत १३६० झाले.

हा आकडा आता कुणी गाठेल असं मला वाटत नाही. बचावाला आता निम्मी टीम मागे धावते, एकट्यासाठी मोकळी जागा उरत नाही. सहा मोसमांत शंभरच्या वर गोल मारणारा प्लगर कुठे, आणि २००८ मधल्या लान्स फ्रँकलिननंतर एकाही मोसमात कुणाचे शंभर नाहीत ही गोष्ट कुठे! तो फ्रँकलिनही २०२३ मध्ये १०६६ वर थांबला.

प्रीमियरशिप मात्र प्लगरला कधीच मिळाली नाही. सिडनीने ती २००५ मध्ये जिंकली, तो गेल्यावर. सेंट किल्डाची आजवरची एकमेव आहे १९६६ ची, कॉलिंगवुडवर ७४-७३ अशी. तो शेवटचा पॉइंटही बिहाइंडचाच होता. प्लगर तेव्हा सहा महिन्यांचा होता.