आजोबांची नाणी आणि अल्बमची पाने

महाराष्ट्र सोडून पिढ्या लोटलेल्या आपल्यासारख्या घरांतून एक डबा हमखास सापडतो. बहुधा पितळेचा, क्वचित बिस्किटांचा पत्र्याचा. होळकरांचे तांब्याचे अर्धे आणे, शिंदेशाही पाव आणे, सयाजीराव महाराजांच्या मुद्रेचा बडोद्याचा रुपया, निजामाचे चारमिनार छापाचे नाणे असे काहीबाही त्यात एकमेकांवर घासत पडलेले असते. घरातील एखाद्या मुलाला छंदाचे वारे लागले, की डबा माळ्यावरून खाली उतरतो आणि यांच्यासाठी एक चांगला अल्बम आणावा, असा ठराव होतो. आमच्या इंदूरच्या घरीही तो झाला होता.

१९८८ साली आम्ही बाजारातून एक देखणा अल्बम आणला. मऊ, पारदर्शक, लवचीक पाने आणि प्रत्येक पानावर ओळीने खिसे. उघडताच नव्या रेनकोटासारखा वास आला; तो आम्हांला नवेपणाचा वाटला. यशवंतराव होळकर (दुसरे) यांची मुद्रा असलेली १९३५ सालची अर्ध्या आण्याची तीन नाणी आजोबांनी जपून ठेवली होती. त्यांना अर्थातच पहिल्या पानाचा मान मिळाला. मध्ये सात पावसाळे गेले. १९९५ च्या दसऱ्याला अल्बम उघडला, तो पान नाण्यांना चिकटलेले. अलगद सोडवून पाहतो, तर महाराजांच्या गालावर हिरवा, चिकट थर! तो पुसला गेला. पण दोन नाण्यांवर त्याखालचा धातूच खाल्ला गेला होता. आजी जवळच बसली होती. ती एवढेच म्हणाली, ‘‘डब्यात होती, तेव्हा बरी होती.’’

तिचे म्हणणे खरेच होते. ती पाने पीव्हीसीची, म्हणजे ज्याला आपण सरसकट ‘प्लॅस्टिक’ म्हणतो त्यातल्या एका जातीची होती. हे द्रव्य मुळात कडक. त्याला मऊपणा यावा म्हणून त्यात तेलकट पदार्थ मिसळतात. कालांतराने तो पदार्थ पाझरू लागतो, आणि उष्णतेने व उजेडाने पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्लही सुटू लागते. तांब्याला ते लागले, की नाणे हिरवे पडते. कल्हई गेलेल्या भांड्यात ताक ठेवल्यास ते कळकते, तसलाच हा प्रकार; फरक इतकाच, की येथे ताक फेकून देता येते, नाणे येत नाही. चांदीच्या नाण्यांतही तांब्याचा हिस्सा असतो, म्हणून तीही यातून सुटत नाहीत.

तेव्हा अल्बम घेताना रंग, सोनेरी अक्षरे, पानांची संख्या यांकडे मागाहून पाहावे. आधी नाक लावावे. उग्र वास येणारी, मऊ, किंचित चिकट लागणारी पाने नकोत. पॉलिप्रॉपिलीनची पाने थोडी ताठ असतात, त्यांना असा वास नसतो, ती चालतात. पॉलिएस्टरही उत्तम. दुकानदाराच्या शब्दावर विसंबायचे नसेल, तर एक परीक्षा आहे. तांब्याची तार चिमट्यात धरून ज्योतीत लाल होईतो तापवावी, पानाच्या कडेच्या कात्रणाला टेकवावी आणि पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली, तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे बहुधा पीव्हीसी. हा धूर वाईट, म्हणून परीक्षा अंगणात करावी, आणि ती वडीलधाऱ्यांनी करावी, मुलांनी पाहावी.

दुसरी अडचण विशेषतः आपल्या घरांची आहे. पुठ्ठ्याच्या घडीत गोल भोके पाडून प्रत्येकाखाली साल छापलेले फोल्डर अमेरिकेत फार लोकप्रिय झाले. एकेक भोक भरत जाण्याची गंमत त्यात आहे खरी, आणि १९५७ पासूनच्या आपल्या दशमान नाण्यांसाठी कोणी हौसेने तसे करील तर मौजच येईल. परंतु संस्थानी नाण्यांना ही भोके कशी पुरावी? ब्रिटिश अमदानीतला रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि सुमारे साडेतीस मिलिमीटर रुंद. मल्हारनगरच्या, म्हणजे आमच्या इंदूरच्या टांकसाळीतला सूर्यमुखी रुपया वजनाने जवळपास तेवढाच. पण हाताने पाडलेला, त्यामुळे रुंदीला कमी आणि जाडीला भक्कम. शिवराई तर गोलही असेलच असे नाही. अशी नाणी खिशात कोंबली, की खिसा फाटतो किंवा नाण्याची कड घासते. अंगठ्याने दाबून भोकात बसवणे तर आम्ही कोणत्याच जुन्या नाण्याला सुचवणार नाही. बोटाचा घाम तांब्यावर कायमचा ठसा ठेवतो.

आमच्या मते घरगुती संग्रहाला सर्वांत सोयीची ती दोन इंची पुठ्ठ्याची चौकट. मध्ये पॉलिएस्टरची पारदर्शक खिडकी असते. नाणे कडेने धरून खिडकीवर ठेवायचे, चौकट मिटायची आणि तीन बाजूंनी पिना मारायच्या. खिडकी नाण्याहून किंचित मोठी निवडावी. पिनांची टोके पक्कडीने चेपून सपाट करावी, नाहीतर शेजारच्या चौकटीतले नाणे ओरखडते. आणि पिना न गंजणाऱ्या असाव्या. या चौकटी पॉलिप्रॉपिलीनच्या पानांतील खिशांत बसतात. जाड रुपये मात्र चौकटीत घालू नयेत. त्यांच्यासाठी ॲक्रिलिकची झाकणाची डबी घ्यावी. नव्या प्लायवुडचे खण करवून घेण्याचा मोह टाळावा. त्यातून निघणाऱ्या वाफा धातूला बाधतात. पुडीला रबरबँडही लावू नये, त्यातल्या गंधकाने चांदी काळवंडते. पावसाळ्यात अल्बमच्या कपाटात सिलिका जेलची पुडी असावी.

लक्ष्मीपूजनाच्या रुपयांचे काय, असे भगिनी विचारतील. दरवर्षी चिंच-राखेने उजळलेला रुपया देवाला शोभतो. संग्राहकाच्या लेखी मात्र त्या उजळण्यानेच त्याची किंमत जाते. आम्ही आमच्या घरी सरळ वाटणी केली आहे. पूजेचे दोन रुपये देवघरात राहतात आणि हळदकुंकू खातात. बाकीच्यांना चिंच दाखवायची नाही.

ज्यांचा अल्बम आधीच पीव्हीसीचा आहे, त्यांनी आजच नाणी बाहेर काढावी. थर नुकताच धरू लागला असेल, तर शुद्ध ॲसिटोनमध्ये, काचेच्या वाटीत, नाणे बुडवून ठेवल्यास तो सुटतो. नखांचे रंग काढण्याचे द्रव चालत नाही, त्यात इतर पदार्थ असतात. ॲसिटोन चटकन पेट घेतो, म्हणून स्वयंपाकघरात हे करू नये. खिडक्या उघड्या ठेवाव्या. आमचे तिसरे नाणे असेच वाचले.

आणखी एक. चौकट मिटण्यापूर्वीच तिच्या पुठ्ठ्यावर पेन्सिलीने लिहून ठेवावे: नाणे कोणते, कोठले, घरात कोणाकडून आले. डब्यातल्या कितीतरी नाण्यांविषयी आम्हांला आता हे सांगता येत नाही. विचारावे तर सांगणारी माणसे गेली. त्या तीन अर्ध्या आण्यांच्या चौकटींवर ‘इंदूर, १९३५, आजोबांकडून’ असे आहे. त्यांतील दोहोंवर खाली आणखी एक ओळ आम्ही घातली आहे: ‘१९८८ ते १९९५ अल्बममध्ये’.