पत सातासमुद्रापलीकडे

नोकरीसाठी न्यू जर्सीत आलेल्या माझ्यासारख्याला विमान कंपनीच्या क्रेडिट कार्डाचा मोह न पडला तरच नवल! किराणा भरावा, पेट्रोल घ्यावे, आणि खर्चासरशी मैल साठत जावेत. पुरेसे साठले की त्यांवर आईला इकडे आणावे.

कार्डावर नाव विमान कंपनीचे. पण ते देते बँक. सोशल सिक्युरिटी क्रमांक लिहून मी अर्ज धाडला. पगारही बरा होता. तरी नकार आला. कारण काय, तर या देशात माझ्या नावावर उधारीची नोंदच नाही!

पुण्यात वडिलांनी कधी कर्ज काढले नाही, म्हणून वाणी त्यांच्या शब्दावर महिन्याचा माल देई. इथे न्याय उलटा. भारतातला सिबिलचा आकडा काही बँका मागवून पाहतात म्हणे. आमच्या बँकेने पाहिला नाही.

उपाय निघाला तो तारण कार्डाचा. आपलेच तीनशे डॉलर अनामत ठेवायचे आणि तेवढीच उधारी करायची! हसू येते खरे. पण बिल दरमहा वेळेवर चुकते केले, की सहा महिन्यांनी ३०० ते ८५० च्या मोजपट्टीवर आपलाही आकडा उमटतो. बाकी मात्र ठेवू नये. व्याज सगळे मैल गिळून टाकते.

दुसरा अर्ज मंजूर झाला. आईला फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, “म्हणजे उधारीवर आणतोस होय रे मला?”