नळीतील आटे आणि राज्यकर्त्यांचा भरवसा

सुरतेहून धुळ्याकडे जाणारा हमरस्ता नवापूर मागे टाकून विसरवाडीस येतो, आणि तेथून पुढे कोंडाईबारीचा घाट चढून खानदेशच्या सपाटीवर उतरतो. सतराव्या शतकात सुरत-बऱ्हाणपूर मार्गाने प्रवास केलेल्या ताव्हेर्निए या फ्रेंच जवाहिऱ्याने नवापुराकडील सुगंधी तांदळाची आवर्जून नोंद केली आहे. असा वाहता मार्ग जेथे बारीतून जातो, तेथे बारी राखणारा कोणी ना कोणी असतोच. आणि तो तिरकामठा घेऊन उभा आहे की बंदूक घेऊन, व ती बंदूक त्याला कोणी दिली, या प्रश्नांच्या उत्तरांत त्या मुलखाच्या अंमलाचा बराचसा इतिहास साठविलेला असतो.

१८१८ साली खानदेश इंग्रजांच्या ताब्यात आला, तरी सातपुडा व सह्याद्रीच्या कुशीतील भिल्ल नाईकांनी तो अंमल सुखासुखी मानला नाही. लष्करी बंदोबस्ताने काम भागेना, तेव्हा १८२५ साली जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने धरणगावी ‘खानदेश भिल्ल कोअर’ उभारली, म्हणजे ज्यांच्या हातचे शस्त्र काढून घ्यावयाचे त्यांच्याच खांद्यावर सरकारी शस्त्र दिले. १८३० साली नवापुराच्या दक्षिणेस लागून असलेल्या डांगावर औट्रमने स्वारी केली, ती भिल्लांवरील याच विश्वासाच्या बळावर. पुढे १८९१ साली ही पलटण पोलिसांत विलीन झाली.

कंपनीच्या फौजेत त्या काळी चकमकीची, पाऊण इंच व्यासाच्या गुळगुळीत नळीची ठासणीची बंदूक असे. अशी एखादी जुनी बंदूक अभ्यासास घ्यावयाची झाली, तर चापाची पट्टी हे तिचे पहिले दफ्तर होय. तिच्यावर मुकुट पेलणारा सिंह असेल, तर ती १८०८ नंतरची कंपनी सरकारची. हृदयाच्या आकाराची मुद्रा असेल, तर त्याही आधीची. देशी कारागिराची असेल, तर बहुधा एकही मुद्रा सापडत नाही, किंवा विलायती मुद्रेची ओबडधोबड नक्कल तेवढी सापडते. म्हणून पितळ व पोलाद चकचकीत करण्याच्या हौसेने खरवडून काढलेली बंदूक, पाने फाडलेल्या वहीप्रमाणे, संशोधकास निरुपयोगी होते.

दुसरी परीक्षा नळीची, आणि ती प्राणाशी गाठ घालणारी आहे. गज नळीत बुडापर्यंत सोडावा, तोंडाशी त्यावर खूण करावी, मग तोच गज बाहेरून नळीला लावून पाहावा. तो कानाच्या, म्हणजे बत्तीच्या छिद्राच्या, अलीकडेच थांबला, तर आत जुना बार ठासलेला आहे असे समजावे आणि पुढचे काम जाणत्या शस्त्रकारावर सोडावे. दारू कोरडी राहिली असेल, तर ती कित्येक वर्षांनंतरही पेट घेते.

नळी रिकामी ठरली की आत प्रकाश टाकून पाहावयाचे ते आटे. १८५३ सालच्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीच्या ३९ इंची नळीत तीन पेचदार आटे होते व तिचा व्यास ०.५७७ इंच होता. तिची लांबट गोळी नळीत सैल उतरे, बार होताच तिचे बूड फुगून आट्यांत रुते, आणि गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडे. गुळगुळीत नळीचा नेम शंभर यार्डांपलीकडे दैवाधीन, तर या रायफलीचा कित्येक शे यार्ड जाई. तिच्याच काडतुसाच्या चरबीवरून १८५७ साली जो उठाव पेटला तो सर्वश्रुत आहे. खानदेशाच्या उत्तर सीमेवर, सेंधव्याच्या घाटाचा बंदोबस्त ज्याच्याकडे इंग्रजांनी सोपविला होता तो खाज्या नाईकच त्या वर्षी त्यांच्यावर उलटला, आणि ११ एप्रिल १८५८ रोजी अंबापाणीच्या डोंगरात भिल्लांची व सरकारी फौजेची निकराची लढाई झाली.

यानंतर राज्यकर्त्यांनी काढलेला निष्कर्ष कागदावर जितका स्पष्ट आहे तितकाच लोखंडावरही आहे. हिंदी शिपायांसाठी १८५८ च्या नमुन्याची बंदूक आली. बाहेरून ती एन्फिल्डच वाटावी अशी, परंतु आतून गुळगुळीत, आट्यांवाचून. शिपायास शस्त्र द्यावयाचे, पण गोऱ्या सोल्जराच्या शस्त्राइतका लांबचा नेम द्यावयाचा नाही, ही त्यातील मेख. १८७८ च्या शस्त्र कायद्याने हाच अविश्वास रयतेच्या घरापर्यंत पोहोचविला: परवान्यावाचून बंदूक बाळगणे गुन्हा ठरले, आणि नियमांनी गोऱ्यांना मात्र त्यातून सूट मिळाली.

गुळगुळीत व आट्यांच्या नळीतील फरकाची खरी प्रचीती, योग्य परवान्यानिशी व तपासलेल्या नळीने, नेमबाजीच्या मैदानावरच येते. काळी दारू मापाने मोजूनच घालावी. शिंगातून थेट ओतली आणि नळीत आधीच्या बाराची ठिणगी उरली असली, तर शिंगच हातात फुटते. मग गोळी, मग गजाचा ठोसा, आणि बार पेटविणारी स्फोटक टोपी अगदी शेवटी. बार उडताच पांढऱ्या धुराचा असा लोट उठतो की लक्ष्य लागले की चुकले हे धूर विरेपर्यंत कळत नाही. कसलेला शिपाई मिनिटास तीन बार काढी; पहिल्या दोन-तीन फैरींनंतर तो शत्रूवर कमी आणि धुरावर अधिक नेम धरीत असला पाहिजे. काळ्या दारूची काजळी हवेतील ओल ओढते, म्हणून त्याच दिवशी कढत पाण्याने नळी धुऊन, पुसून, तेल दिले नाही, तर नवापुराकडील पावसाळी हवेत गंज चढावयास वेळ लागत नाही.

आजचा १९५९ चा शस्त्र कायदा, दुरुस्त करूनही न उडणाऱ्या कालबाह्य व पुराणमूल्याच्या शस्त्रांस बऱ्याच तरतुदींतून वगळतो. उडू शकणाऱ्या ठासणीच्या बंदुकीस मात्र परवाना लागतोच, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तिच्या शिकारीचे दिवसही संपले. म्हणून आढ्यावर वा माळ्यावर अशी वस्तू निघाली, तर ती भंगारात घालू नये आणि हौसेने उडवूनही पाहू नये. पोलीस ठाण्यात कळवावे, परवान्याचा प्रश्न आधी निकालात काढावा, मुद्रांची छायाचित्रे घ्यावीत आणि नळीत आटे आहेत की नाहीत हे जाणकाराकडून लिहून ठेवावे. खानदेशातील भिल्लांविषयी साहेबांनी लिहिलेले अहवाल पुष्कळ आहेत. भिल्लांवर सरकारचा भरवसा प्रत्यक्षात किती होता, हे अहवालाच्या गोड भाषेपेक्षा नळीच्या आतली बाजू अधिक खरेपणाने सांगते.